विषय: २४ जानेवारीची मैफल – तंबोरे सभागृहात केव्हा पोचणार?

प्रेषक: चिटणीस

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

शनिवार, २४ जानेवारी रोजी दुपारी चार वाजता शाळेच्या सभागृहात होणाऱ्या मैफलीबाबत दोन गोष्टी तातडीने कळवायच्या आहेत. पंडित भीमसेन जोशी यांच्या निधनाला त्या दिवशी १५ वर्षे पूर्ण होत असल्याने मध्यंतरात तीन सभासदांनी स्वतः ऐकलेल्या सर्वांत चांगल्या मैफलीविषयी पाच-पाच मिनिटे बोलावे, असे मागच्या बैठकीत ठरले होते. त्यासाठी आतापर्यंत एकच नाव आले आहे आणि ते कोणाचे, हे सांगण्याची गरज नाही.

दुसरी गोष्ट अशी की, सभागृह त्या दिवशी तीन वाजेपर्यंत बालनाट्याच्या तालमीला दिलेले असल्यामुळे मैफलीच्या मंडळींना सव्वातीनला आत जाता येईल. गायिकाबाईंनी तंबोऱ्यांची जोडीच हवी, पेटीत मावणारे यंत्र चालणार नाही, असे स्पष्ट कळवले आहे. त्यांची पट्टी काळी चार आहे, म्हणजे षड्ज पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर. मंडळाची जोडी बापूंकडे असते, तेव्हा बापूंनी ती सव्वातीनला आणावी, ही विनंती.

—

प्रेषक: बापू

चिटणीसांस नमस्कार.

सव्वातीनला तंबोरे आणून चारला मैफल सुरू होईल, असे ज्यांना वाटते त्यांनी मागच्या वर्षीच्या पाडव्याची मैफल आठवावी, एवढे सांगून खरे तर मी थांबायला हरकत नाही. पण त्या दिवशी निम्मे सभासद जेवणाच्या रांगेत असल्याने त्यांनी पहिला अर्धा तास ऐकलाच नव्हता, म्हणून सविस्तर लिहितो.

जानेवारीत आपल्याकडे बाहेर पाणी गोठलेले असते आणि शाळेचे सभागृह भट्टीसारखे तापवलेले असते. थंड गाडीतून आणलेला तंबोरा त्या हवेत ठेवला की पोलादी तारा गरम होऊन सैल पडतात व स्वर उतरतो. तबल्याचे याच्या नेमके उलट होते. कोरड्या हवेत पुडीचे कातडे आक्रसते आणि स्वर चढतो. म्हणजे मैफल सुरू होताना जुळलेली दोन वाद्ये पहिल्या वीस मिनिटांत एकमेकांपासून विरुद्ध दिशांना चालू लागतात आणि बिचारी गायिका मध्ये उभी राहते. शिवाय कोरड्या हवेत लाकूड आकसल्यामुळे खुंट्या धरून राहत नाहीत. खडू लावून त्या घट्ट कराव्या लागतात, आणि हे काम श्रोते खुर्च्यांवर येऊन बसल्यावर करण्यासारखे नाही. भोपळा तडकण्याची भीती वेगळीच.

तारा स्थिर झाल्यावर जवारीचे काम. घोडी आणि तार यांच्यामधला सुती दोरा केसभर पुढेमागे सरकवीत गेले की एका ठिकाणी तार अचानक उघडते आणि एकाच तारेतून स्वरांची माळ निघू लागते. ती जागा चारही तारांना आणि दोन्ही तंबोऱ्यांना, म्हणजे आठ वेळा शोधायची असते. शिवाय बाई मुलतानीने सुरुवात करून पुढे मारवा किंवा पूरिया घेणार असतील (आपल्याकडे त्या दिवसांत पाच वाजता अंधारते, तेव्हा घेतीलच), तर त्या रागांत पंचम नसल्याने पंचमाची तार निषादावर चढवावी लागणार. तिला तेवढ्या ताणाची सवय आधी करून द्यावी लागते.

माझी सर्वांत चांगली मैफल कोणती, असे विचारले म्हणून सांगतो. लहानपणी मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या सभेत मी वाद्ये करणाऱ्या मंडळींच्या शेजारी बसत असे. सतारमेकर गल्लीतली ती माणसे गवई बसण्याआधीच माना हलवायला लागत, कारण ती तंबोराच ऐकत असत. कोण गायले यापेक्षा ते तंबोरेच माझ्या कानात जास्त राहिले आहेत. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा त्या गल्लीची आठवण फार आली. आपली जोडीही तिथलीच आहे. ती सभागृहात दीड वाजता पोचली पाहिजे. तालीम त्याआधी संपवावी.

—

प्रेषक: बालनाट्य समिती

बापूंना नमस्कार.

तालमीचे वेळापत्रक ऑक्टोबरातच सर्वांना पाठवले होते आणि त्यावर कोणाचीही हरकत आली नव्हती. प्रयोग ७ फेब्रुवारीला आहे. रंगमंचावर प्रत्यक्ष उभे राहून करायच्या दोनच तालमी आम्हाला मिळाल्या आहेत, आणि पस्तीस मुलांपैकी निम्म्यांची शनिवारी सकाळी मराठी शाळा असते. त्यामुळे बाराच्या आधी तालीम सुरू करता येत नाही. मैफली दरवर्षी होतात; मुले मात्र दरवर्षी तेवढीच लहान राहत नाहीत. तंबोऱ्यांसाठी पस्तीस मुलांची तालीम कापणे समितीला मान्य नाही, हे नम्रपणे नोंदवते.

मैफलीच्या आठवणींविषयी मात्र लिहावेसे वाटते. माझे वडील सवाई गंधर्व महोत्सवाला डिसेंबरच्या थंडीत आम्हा मुलींना घेऊन जात. मैदानावर सतरंजी, अंगावर शाल, डोक्याला मफलर आणि पहाटे स्टॉलवरचा चहा, असा तो सारा थाट असे. त्या वेळी महोत्सव रात्रभर चालत असे आणि अखेरच्या सत्राच्या शेवटी पंडितजी गायला बसत. पुढे ती जागा प्रभाताई अत्रे यांनी कित्येक वर्षे सांभाळली. सगळे संपल्यावर सवाई गंधर्वांच्या भैरवीतल्या ठुमरीची ध्वनिमुद्रिका लावली जाई आणि मैदानावरची गर्दी उभ्या उभ्या ती ऐकून मग पांगत असे. १९५३ मध्ये पंडितजींनी गुरूंच्या पहिल्या पुण्यतिथीला सुरू केलेला हा उत्सव आहे, तेव्हा २४ तारखेला कोणीतरी त्याविषयी बोलावेच. माझे नाव लिहून घ्यावे.

जाता जाता बापूंना एक विचारते. सवाईला एका कलाकाराचे गाणे संपून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंत कितीसा वेळ मिळत असे? तरी तिथे गाणे झालेच ना?

—

प्रेषक: बापू

ताई, सवाईला वाद्ये मंचामागे आधीच लावून तयार असत आणि मंचावर फक्त शेवटचा हात फिरवला जाई. तुमच्या प्रश्नातच माझे उत्तर आहे. शिवाय तिथे पहाटेच्या गारव्यात तंबोऱ्यांवर बसलेले शिष्य गाणे चालू असताना मधूनमधून कान लावून तारा सावरत असत. ते काम करणारी दोन माणसे आपल्या मंडळात कोण आहेत, ते कळवावे.

—

प्रेषक: ध्वनिव्यवस्था

सर्वांना नमस्कार.

तंबोऱ्यांचा मान मी ठेवतो, परंतु गेल्या तीन कार्यक्रमांत ध्वनिक्षेपकातून तंबोऱ्याचा आवाज श्रोत्यांपर्यंत पोचावा म्हणून केलेली धडपड मलाच माहीत आहे. माझी सूचना अशी आहे की जोडी मंचावर असावी, परंतु त्यामागे यंत्राचा तानपुरा हळू आवाजात चालू ठेवावा. जोडी उतरली तरी आधार सुटणार नाही.

माझी सर्वांत चांगली मैफल ३ फेब्रुवारीची, मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहातली. उस्ताद अल्लारखाँ यांच्या पुण्यतिथीला झाकीरभाई दिवसभराचा कार्यक्रम करीत असत आणि तो अगदी पहाटे सुरू होई. आम्ही शीवला राहत असू. अंधारातच चालत निघायचे, दाराशी रांगेत उभे राहायचे आणि आत जाऊन थेट बाल्कनीत जागा पकडायची, असा माझा महाविद्यालयाच्या वर्षांतला नेम होता. शास्त्रीय गाणे, कर्नाटक पद्धतीचे तालवाद्य, कथ्थक, लहान मुलांचे सामूहिक तबलावादन आणि कुठल्यातरी दूरच्या देशातले ढोल असे सगळे एकाच दिवशी ऐकायला मिळे. एका वर्षी झाकीरभाई वाजवता वाजवता डाव्या हाताने ठेका चालू ठेवून उजव्या हातात हातोडी घेऊन तबल्याचा काठ ठोकू लागले आणि ते ठोकणेही त्यांनी ठेक्याच्या वजनात बसवले. श्रोते हसले. स्वर मात्र जागेवर आला होता. १५ डिसेंबर २०२४ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत ते गेल्याची बातमी आली, तेव्हा मला सर्वांत आधी ती हातोडीच आठवली.

सांगायचे इतकेच की मंचावर जुळवणे ही काही लाजेची गोष्ट नाही. सव्वातीनला सुरुवात करावी. चारनंतर दहा मिनिटे लागली तर लागली.

—

प्रेषक: नाना

चिरंजीव ध्वनिव्यवस्थेस आशीर्वाद.

अल्लारखाँसाहेबांचे नाव निघाले म्हणून लिहितो. ही गोष्ट मंडळात पूर्वी ऐकली असल्याची तक्रार काही जण करतील, त्यांनी पुढचा मजकूर सोडून द्यावा.

१ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी दोन कार्यक्रम केले, एक दुपारी आणि एक संध्याकाळी. आम्ही विद्यार्थी होतो आणि आमच्यापैकी एकाच्या ओळखीने दुपारची तिकिटे मिळाली होती. सभोवती बहुतेक लांब केसांची अमेरिकन पोरे होती. ती गिटारवाल्यांसाठी आली होती आणि आम्ही चौघे सतारीसाठी. सुरुवात आपल्याच संगीताने झाली. सतारीवर रविशंकर, सरोदवर अली अकबर खाँ, तबल्यावर अल्लारखाँ आणि तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती. या संगीताला थोडी एकाग्रता लागते, तेव्हा कृपया धूम्रपान करू नये, असे रविशंकरांनी आधीच विनवले होते. मग वाद्ये जुळवून झाली आणि त्या हजारो पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला! त्यावर रविशंकर हसून म्हणाले की जुळवणेच जर तुम्हाला एवढे आवडले असेल, तर वादन अधिक आवडेल अशी आशा आहे. आम्ही चौघे हसलो. शेजारच्या मुलाला आम्ही का हसलो ते कळले नाही, म्हणून आमच्यातल्या एकाने त्याला सतारीच्या तरफा, म्हणजे मुख्य तारांखाली आपोआप झंकारणाऱ्या तारा, समजावून सांगायला घेतल्या, त्या थेट वादन सुरू होईपर्यंत.

तेव्हा मंचावर जुळवायला माझी पूर्ण संमती आहे. आपले श्रोतेही टाळ्या देतील. मध्यंतरात बोलण्यासाठी पहिले नाव माझेच आहे, याची चिटणीसांनी नोंद ठेवलेली आहेच. पाच मिनिटे मात्र पुरणार नाहीत.

—

प्रेषक: माई

नानांना सादर नमस्कार.

नाना, तुमची गोष्ट गोड आहे, पण ती तुमच्याच म्हणण्याच्या विरुद्ध जाते. त्या मुलांनी जुळवण्याला टाळ्या दिल्या, कारण त्यांना ते वादनच वाटले. आपल्या सभागृहात बसणाऱ्या मंडळींना ते काय आहे हे पुरते ठाऊक असते आणि म्हणूनच ती दहाव्या मिनिटाला घड्याळ बघतात, बाराव्या मिनिटाला समोशांची चौकशी करतात.

मी दादरला असताना किशोरीताई आमोणकरांची सकाळची एक मैफल ऐकली. पडदा उघडला तेव्हा त्या बसलेल्या होत्या, मांडीवर स्वरमंडळ होते आणि दोन्ही तंबोरे चालू होते. त्या गायला लागल्या नाहीत. उजवीकडच्या तंबोऱ्याकडे त्यांनी पाहिले, मुलीने खुंटी पिळली, पुन्हा पाहिले, पुन्हा पिळली. मागच्या रांगेत कुजबुज झाली तेव्हा त्यांनी मान वर करून फक्त एकदा सभागृहाकडे पाहिले आणि जे शांत झाले ते शेवटपर्यंत शांत राहिले. मग जौनपुरीचा पहिला षड्ज लागला. तो कुठून सुरू झाला हे मला कळले नाही, कारण तो तंबोऱ्यांतच आधीपासून होता. ताईंच्या मूडविषयी लोकांनी आयुष्यभर जे काही म्हटले असेल ते असो. मला त्या सकाळी त्यांच्या थांबण्याचे कारण कानांनी समजले. त्यानंतर मी पुष्कळ मोठमोठ्या लोकांना ऐकले, पण तेवढा भरलेला षड्ज पुन्हा ऐकला नाही.

मात्र तसे थांबण्याचा अधिकार किशोरीताईंचा होता. आपल्या पाहुण्या गायिकेला आपण सभागृह उशिरा देणार आणि वर तिनेच श्रोत्यांची नाराजी सोसायची, हे मला बरे दिसत नाही.

—

प्रेषक: लंडनहून आलेला सभासद

नानांच्या १९७१च्या आठवणीवरून सांगतो. १९७४ मध्ये लताबाई लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये गायल्या, तेव्हा मी तिथे होतो. दिलीपकुमार यांनी त्यांची ओळख करून दिली होती. पांढरी साडी नेसलेली ती लहानखुरी बाई एवढ्या मोठ्या गोल सभागृहात अनवाणी उभी होती, कारण त्या चपला घालून कधीच गात नसत. त्यावरून आठवले की मंचासमोरच्या दोन रांगा काढून तिथे बैठक घालायची असे ठरले होते. चपला कुठे काढायच्या, याचा विचार कोणी केला आहे काय?

—

प्रेषक: चिटणीस

चपलांसाठी उजव्या दारापाशी चटई टाकण्यात येईल. सर्वांनी कृपया मूळ प्रश्नावर लिहावे.

—

प्रेषक: फोंड्याचे भाऊ

सर्वांस नमस्कार.

मी मूळ प्रश्नावरच लिहीत आहे. आमच्या गोव्यात दुखणे उलटे होते. पणजीला मांडवीच्या काठावर कला अकादमीत केसरबाई केरकरांच्या नावाने संमेलन भरत असे, तिथे हवा एवढी दमट की तबलेवाल्यांची पुडी उतरायची आणि ते सारखे हातोडी घेऊन बसलेले दिसायचे. पण म्हणून तंबोरे कधी धावतपळत आणलेले पाहिले नाहीत. मंचाच्या बाजूच्या खोलीत ते सकाळपासून असत, कापडाखाली झाकून ठेवलेले. मंचावर जी हवा, तीच त्या खोलीत. कळले काय? वाद्याला सभागृह नको असते, सभागृहाची हवा हवी असते.

आपल्या शाळेत मंचाच्या डाव्या अंगाला वाद्यवृंदाच्या वर्गाची खोली आहे. तिचे दार मंचावरच उघडते आणि तापवणीची व्यवस्था सभागृहाचीच आहे. मागच्या गणपतीत प्रसादाचे सामान तिथे ठेवले होते, तेव्हा मोदकांची गत काय झाली ते सगळ्यांनी पाहिलेच. तंबोरे बारा वाजता त्या खोलीत ठेवावेत. बालनाट्याची तालीम तीनपर्यंत सुखाने चालू द्यावी. बापूंनी आत बसून जवारी लावावी.

—

प्रेषक: बापू

भाऊंची सूचना मी दोन अटींवर मान्य करतो.

मुले त्या खोलीत येता कामा नयेत. तंबोरा जमिनीवर आडवा ठेवलेला दिसला की मूल त्याची तार छेडणारच, हे मी माझ्याच घरात पाहिले आहे. दुसरे म्हणजे तालमीत ढोलकी आणि ध्वनिमुद्रित गाणी पूर्ण आवाजात लावतात. त्या गोंगाटात पंचम लावता येईल, पण जवारी लावता येणार नाही, कारण ती कानाला अगदी बारीक ऐकू यावी लागते. शेवटचा अर्धा तास तरी तालीम बिनआवाजाची करावी.

ध्वनिव्यवस्थेच्या यंत्राला माझा विरोध कायम आहे. दोन खरे तंबोरे लागलेले असताना त्यांच्यात तिसरा यंत्राचा मिसळला की त्याचा षड्ज कधीही हलत नाही आणि खऱ्यांचा मात्र श्वास घेतल्यासारखा किंचित हलतो. मग तिन्ही मिळून बेसूर ऐकू येतात आणि दोष खऱ्यांवर येतो.

—

प्रेषक: ध्वनिव्यवस्था

बापू, यंत्र मी आणीन आणि बंद ठेवीन. तार तुटली तर तरी चालू करू द्या.

—

प्रेषक: बालनाट्य समिती

अडीच ते तीन या वेळात आम्ही गाण्यांविना केवळ हालचालींची तालीम करू. खोलीच्या दाराशी एक पालक बसवीन. मात्र मैफलीच्या मंडळींनी तीनच्या आधी मंचावर सतरंजी पसरायला येऊ नये. मागच्या वेळी दुसऱ्या अंकातल्या जंगलावरून कोणीतरी गालिचा ओढत नेला होता.

—

प्रेषक: माई

ताईंचे आभार. बापूंच्या बरोबर तंबोऱ्यावर बसायला दुसरे माणूस लागेल. मी लहानपणी शिकत असताना बाईंच्या मागे बसत असे. बोटे आता आखडली आहेत, पण कान शाबूत आहेत. दोन तास मांडी घालून बसणे मला जमणार नाही, म्हणून मध्यंतरापर्यंत मी आणि नंतर भाऊंच्या सूनबाई बसतील. त्यांच्याशी बोलले आहे. मध्यंतरात बोलण्याचे तिसरे नाव माझे लिहावे. नानांना माझ्यातली दोन मिनिटे दिली तरी माझी हरकत नाही.

—

प्रेषक: चिटणीस

शाळेच्या व्यवस्थापकांशी बोलणे झाले. वाद्यवृंदाची खोली बारा वाजता उघडून मिळेल, त्याचे वेगळे शुल्क नाही. मध्यंतरात नाना, बालनाट्य समितीच्या ताई आणि माई या क्रमाने बोलतील. नानांना सात मिनिटे देण्यात आली आहेत आणि ती सातच आहेत.

—

प्रेषक: बापू

तंबोरे आणायला कोणाकडे मागची आसने सपाट आडवी होणारी गाडी आहे, ते कळवावे. आदल्या रात्री गाडी बंदिस्त गॅरेजमध्ये ठेवलेली असावी आणि निघण्यापूर्वी पंधरा मिनिटे आतून गरम केलेली असावी. जोडी आणताना तिच्याशेजारी समोशांचे ट्रे ठेवले जाणार नाहीत, हेही आत्ताच सांगून ठेवतो.